मोठेबाबांचं चरित्र, शंभर शब्दांत

मूर्तिजापुरात आमच्या घरी कोणी वारलं की तीन कामं ताबडतोब वाटली जातात. आचारी पाहणं, नातेवाइकांना फोन करणं आणि 'ते लिहायचं' काम. पहिल्या दोन कामांसाठी घरात भांडणं होतात. तिसरं न मागता माझ्याकडे येतं. माझं नाव एकदा एका दिवाळी अंकात छापून आलं होतं, एवढाच माझा गुन्हा. नाव चुकीचं छापलं होतं आणि लेखावर फोटो दुसऱ्याच कोणाचा तरी होता. तरी घरच्यांच्या लेखी मी लेखक झालो तो झालोच. तेव्हापासून लग्नपत्रिकेतला लाडिक मजकूर, गल्लीतली डीपी जळाल्याचा अर्ज आणि भावपूर्ण श्रद्धांजली हे माझं एकूण वाङ्मय.

यंदा मोठेबाबा गेले. माझ्या वडलांचे थोरले भाऊ. वय चौऱ्याऐंशी, आणि गेले ते झोपेत. हे त्यांच्या स्वभावाला इतकं सोडून होतं की पहिला अर्धा तास कोणाचा विश्वासच बसेना.

"झोपीत?" आत्यानं फोनवर तीनदा विचारलं. "घरातच? झाडावरून नाई पडले?"

"नाही आत्या."

"पुरात गेले का मंग?"

"आत्या, मे महिना आहे."

"मंग तुमी बरोबर पाह्यलं नसन. जरा थांबा, उठतीन थे."

ते उठले नाहीत. पेपरात जेवढी जागा घ्यायची ठरली तीत फोटोसकट शंभर शब्द मावत होते. मी या कामात मुरलेला माणूस. चहा निवायच्या आत मजकूर तयार केला: मनमिळाऊ, मितभाषी, शांत, धार्मिक वृत्तीचे, शिस्तप्रिय, सर्वांना सोबत घेऊन चालणारे. बैठकीत उभं राहून वाचून दाखवला. आवाज जिथे कापायला हवा तिथे कापवला. सगळे गप्प. मला वाटलं गहिवरले. भिंतीला टेकून बसलेल्या मोठी आईनं, म्हणजे मोठेबाबांच्या बायकोनं, डोळे पुसले आणि विचारलं, "हे कोनाचं होय?"

"मोठेबाबांचं."

"नाई बाप्पा. हा कोनी दुसराच भला मानूस दिसते."

तिचं खरं होतं. मितभाषी माणसाचा आवाज स्टेशनापासून घरापर्यंत ऐकू येत नसतो. शिस्त म्हणाल तर मोठेबाबा जिनिंगमध्ये हिशेब लिहायचे, आणि हंगाम संपला की थेट पुढच्या हंगामाला सापडायचे. मजकुरातलं शेवटचं तेवढं बरोबर होतं. ते खरोखरच सर्वांना सोबत घेऊन जात. विचारून मात्र कधी नेलं नाही.

साहसी माणसं जगात पुष्कळ होऊन गेली, पण ती बहुतेक एकटी जातात. घरचे मागे राहून काळजी करतात आणि पुढे त्यांची चरित्रं वाचतात. आमच्याच तालुक्यातलं सगळ्यात मोठं उदाहरण घ्या. शेणगावचे डेबूजी लहानपणी दापुरीला मामाकडे आले, तिथेच वाढले, वावरात राबले, संसार केला आणि १९०५ साली सगळं मागे टाकून हातात काठी अन् गाडगं घेऊन निघाले. पुढे त्या गाडगेबाबांनी काय केलं ते उभ्या महाराष्ट्राला माहीत आहे. दापुरी आमच्या मूर्तिजापूर तालुक्यात. त्यामुळे घर सोडण्याचा विषय निघाला की आमच्याकडे दाखला तयार असतो. मोठेबाबा तरुण असताना त्यांच्या वडलांनी, म्हणजे आमच्या आजोबांनी, वैतागून तो एकदा दिलाही. "एवढी फिराची हौस हाय त गाडगेबाबावानी निंघून काऊन नाई जात?"

मोठेबाबांनी हात जोडून सांगितलं, "थे देवमानूस होते, त्याईले घर सोडता आलं. आपल्याले नाई जमत. म्या घर संग घेऊन जातो."

आजोबांनी तेव्हाच त्यांना अडवलं असतं, तर पुढच्या दोन पिढ्यांचे गुडघे शाबूत राहिले असते.

सुरुवात मोपेडवरून झाली. सेकंडहँड होती, जिला पायडल असायचं त्या जातीची. तिच्यावरून मोठी आईला घेऊन चिखलदऱ्याला जायचं ठरलं. तसं मोठेबाबांनी ठरवलं. मोठी आईला गाडीवर बसल्यावर कळलं. तिला वाटलं, बाजारात चाललो. दर्यापूर गेलं, अंजनगाव गेलं, परतवाडा आलं तेव्हा तिनं विचारलं, "बाजार अजून किती दूर हाय?" पुढे घाट. चिखलदरा अकराशे मीटरच्याही वर, आणि मोपेडचा जन्म सपाटीचा. पहिल्या वळणावर ती दोघांना नेईना, म्हणून मोठी आई उतरली. दुसऱ्या वळणावर मोठेबाबा उतरले. तिथून वर दोघांनी मिळून मोपेडला नेलं. कॅरिअरवर पोळ्यांचा डबा होता, तो तेवढा चिखलदऱ्यापर्यंत बसून गेला.

वर पोचल्यावर कोणीतरी माहिती दिली की भीमानं कीचकाला मारून इथल्याच दरीत टाकलं होतं. मोठी आईनं दरीत वाकून पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "जागा सोयीची हाय."

मग पंचबोल पॉइंट. तिथे आवाज दिला की समोरच्या डोंगरांवरून परत येतो. लोक तिथे 'ओऽऽ' वगैरे ओरडतात. मोठेबाबांनी मोठी आईचं नाव घेऊन हाक मारली. लग्नाला बरीच वर्षं झाली होती. तोवर घरात 'अवं', 'ऐकलं का' यावर भागलं होतं. आणि इथे तिचं नाव एकेका डोंगरावरून परत येऊ लागलं. शेजारी कुठल्याशा कॉलेजची सहल आली होती. त्या पोरांना नाव आवडलं. त्यांनीही हाका मारायला सुरुवात केली. मोठी आईनं पोळ्यांचा डबा मोठेबाबांच्या पाठीत घातला. ही गोष्ट ती आजवर तक्रार म्हणूनच सांगत आली आहे, आणि दर वेळी सांगताना डोंगरावरून नाव एकदा जास्त येतं. तेरवीच्या आधल्या रात्री ते नवव्यांदा आलं.

मजकूर खरा करायचा, असं ठरल्यावर घरच्यांनी मला किस्से पुरवायला घेतले. अडचण अशी की प्रत्येकाचा किस्सा शंभर शब्दांहून मोठा, आणि त्यात मोठेबाबांपेक्षा सांगणाराच जास्त. आमच्या घरात मोठेबाबांवरचं प्रेम मोजायचं माप एकच आहे: त्यांच्यापायी कोणाला किती सोसावं लागलं. आत्याचा हात मोडला होता, म्हणून ती वरच्या नंबरात. माझ्या वडलांना नुसता ताप आला होता. त्यांना कोणी बोलू देईना.

शकुंतलेच्या, म्हणजे आमच्या छोट्या रेल्वेगाडीच्या, किश्शावरून तर हमरीतुमरी झाली. ज्यांनी आमचं जंक्शन पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मूर्तिजापुरावरून मुंबई-नागपूरची मोठी लाइन जाते आणि इथूनच अडीच फुटी छोट्या लाइनचे दोन फाटे निघतात: एक दर्यापूर-अंजनगावावरून अचलपूरला, दुसरा कारंजा-दारव्ह्यावरून यवतमाळला, ११३ किलोमीटर. वऱ्हाडचा कापूस वाहून न्यायला किलिक निक्सन या इंग्रज कंपनीनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही लाइन टाकली. स्वातंत्र्यानंतर देशातल्या रेल्वे सरकारी झाल्या, ही मालकीनं खासगीच राहिली. मँचेस्टरचं १९२१ सालचं वाफेचं इंजिन हिला थेट १९९४ पर्यंत ओढत होतं. आता गाडी बंद आहे आणि रुळांवर बाभळी आहेत. पण चालू होती तेव्हा तिच्यावर माणसं इतकी थोडी असत की तिकीट देणं, सिग्नल पाहणं, फाटक लावणं ही सगळी कामं तीच ती माणसं करत. फाटक आलं की गाडी थांबे. एक जण उतरून फाटक लावी. गाडी पलीकडे जाऊन पुन्हा थांबे. तो माणूस फाटक उघडून परत चढे आणि मग प्रवास पुढे सुरू होई.

मोठेबाबांना हे वर्षानुवर्षं पाहवत नव्हतं.

एका हिवाळ्यात आमचं सगळं खटलं कारंज्याला गुरुमंदिरात दर्शनाला निघालं होतं. मोठी आई, आत्या, माझे आईवडील, आम्ही पोरं, पुऱ्यांची पिशवी आणि सुरई. एका फाटकाशी गाडी थांबली तसे मोठेबाबा खाली.

"तुमी कायले तरास घेता, भाऊ? म्या लावतो अन् म्याच उघडतो. तुमी गाडी थांबवू नोका. म्या पयत येऊन चढतो."

फाटकवाला नाही नाही म्हणत होता, पण मोठेबाबांनी तोवर फाटक ओढलंही होतं. गाडी पार झाली. मोठेबाबांनी फाटक उघडलं. आता पळत येऊन चढणं तेवढं बाकी होतं, आणि ती गाडी ताशी वीसेक किलोमीटरनं जाणारी, म्हणजे त्यांच्यासारख्याला काहीच अवघड नव्हतं. पण फाटकाशी कापसाच्या बंड्या थांबल्या होत्या. त्यातल्या पहिल्या बंडीचं चाक नेमकं रुळाच्या खाचेत अडकलं. अडकलेलं चाक दिसल्यावर मोठेबाबा पुढे कसे जातील? त्यांनी धोतर खोचलं आणि चाकाला खांदा लावला. गाडी वळण घेऊन निघाली. तेव्हा आत्याला आठवलं की तिकिटं मोठेबाबांच्या खिशात आहेत. ती खिडकीतून अर्धी बाहेर येऊन ओरडली, "दादा, पाकीट तरी फेका!" मोठेबाबांना वाटलं ती टाटा करते. त्यांनी हात हलवला.

कारंज्याला वडील तिकीट तपासणाऱ्याला समजावू लागले, "आमची तिकिटं फाटकावर आहेत. त्यांनी ते उघडलं आणि मग ते राहिले." तपासणारा भला माणूस. म्हणाला, "नोकरीत लय सबबी ऐकल्या साहेब, पण फाटक उघडाले कोनी मागे राह्यला, हे पहिल्यांदाच." त्यानं सोडलं. आम्ही मंदिराच्या पायऱ्यांवर बसून मीठ जास्त झालेल्या पुऱ्या खाल्ल्या. उन्हं कलल्यावर मोठेबाबा सरकीच्या ट्रकमधून उभ्यानं आले. पांढरे फटक. सोबत तो बंडीवाला आणि त्याची बायको. "हे आपले पाहुने. याहिचं चाक म्या काढलं. जेवल्याबिगर जाऊ देऊ नोका." पुऱ्या संपल्या होत्या.

त्या बंडीवाल्याची मुलगी आज आमची थोरली वहिनी आहे. वहिनी म्हणते, तिच्या बाबांना तेव्हा वाटलं होतं की एवढा उपकारी माणूस व्याही म्हणून बरा. पुढे तिच्या माहेरचे लोकही दर उन्हाळ्यात मोठेबाबांबरोबर कुठे कुठे गेले आणि आता तेही नंबर लावून बसलेत.

त्या डब्यात कोण कोण होतं यावर मात्र अजून एकमत नाही. माझा धाकटा चुलतभाऊ छातीवर हात ठेवून सांगतो की सुरई त्याच्या मांडीवर होती. तो तेव्हा जन्मला नव्हता. हे त्याला सांगितलं तर म्हणतो, "मले आठवते ना पन."

दुसरा मोठा किस्सा विहिरीचा. आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. पूर्णेच्या खोऱ्यात जमिनीखालचं पाणी खारट. अकोला, अमरावती, बुलढाणा तिन्ही जिल्ह्यांत हा पट्टा पसरलेला आहे, आणि त्यात विहीर खणण्याआधी शहाणा माणूस दहादा विचार करतो. मोठेबाबांनी पानाड्या बोलावला. तो तळहातावर नारळ आडवा ठेवून वावरभर फिरला. बांधाजवळ नारळ उभा राहिला. मोठेबाबांच्या अंगावर काटा आला. मोठी आईचं म्हणणं, त्या माणसाला ठेच लागली होती.

खणायला अर्थातच घरचेच. वडलांचा ताप तो तिथलाच. पाणी लागलं तेव्हा मोठेबाबांनी पहिला गडू स्वतः तोंडाला लावला, गिळला, आणि चेहऱ्यावर काही न दाखवता तो आजोबांकडे दिला. आजोबांनी चूळ टाकली ती पार शेजारच्या वावरात.

दुसरा कोणी असता तर आठवडाभर डोक्यावर दुपट्टा घेऊन पडून राहिला असता. मोठेबाबा दुसऱ्या दिवशी झाकटीच उठले. त्यांना दहीहांडा आठवलं होतं. १९३० साली गांधीजी दांडीला मीठ उचलायला गेले. वऱ्हाडाला समुद्र कुठला? मग अकोला जिल्ह्यातल्या दहीहांड्याला सत्याग्रह्यांनी खाऱ्या विहिरीचं पाणी आटवून मीठ केलं आणि कायदा मोडला. हा आमच्या भागाचा खरा इतिहास. मोठेबाबांनी तो आमच्या अंगणात पुन्हा करायला घेतला. तीन दगडांवर मोठी आईच्या माहेरचं तांब्याचं गंगाळ चढवलं, बंडीभर पऱ्हाट्या जाळल्या. गल्लीतली पोरं 'भारतमाता की जय' म्हणत भोवती बसली. दिवसभर पाणी आटत होतं, धूर होत होता, शेजारी खिडक्या लावून घेत होते. संध्याकाळी गंगाळाचं बूड काळं झालं आणि तळाशी राखाडी रंगाचं काहीतरी मूठभर उरलं. मोठेबाबांनी ते प्रसाद म्हणून वाटलं. देशप्रेमापोटी सगळ्यांनी खाल्लं.

रात्री गल्लीत एकाही घरचा लोटा जागेवर नव्हता.

मोठी आई गंगाळ घासत म्हणाली, "इंग्रज काऊन गेले, आता समजलं. हे खाऊन गेले."

यानंतरची लहानसहान प्रकरणं मी यादीपुरती घेतो. मधमाश्यांची पेटी, जी माजघरात उघडली. नागपूरहून आणलेली दुर्बीण, जिच्यातून चंद्र दिसला नाही पण समोरच्या माडीवर काय शिजतं ते दिसलं आणि सहा महिने त्या घराशी बोलणं बंद होतं. शंकरपटासाठी घेतलेला गोऱ्हा, जो सुटला की उलट्या दिशेनं, म्हणजे घराकडे पळायचा. घरची ओढ त्यालाही लागली होती. "घोडं तेवढं आनलं नाई," मोठी आई बोटं मोजून म्हणाली, "थेवढी देवाची किरपा."

मजकूर काही केल्या शंभरात बसेना. आत्याचा मोडलेला हात घ्यावा तर वडलांचा ताप राहतो, ताप घ्यावा तर वहिनीच्या माहेरचे नाराज. खाली 'शोकाकुल'मध्ये नावं कोणत्या क्रमानं द्यायची, यावर दोघं जावई उठून बाहेर गेले होते, ते चहाच्या वेळी परत आले. शेवटी कंटाळून सगळ्यांनी एकमतानं सांगितलं, "तुहं थे पयलंच दे. मनमिळाऊवालं." तसं दिलं.

फोटोचाही घोळच. मोठेबाबा कॅमेऱ्यासमोर स्थिर असे कधी उभेच राहिले नाहीत. एकूण एक फोटोत ते हललेले. जो एक स्वच्छ निघाला त्यात डोळ्यांवर काळा गॉगल आणि मागे पाठमोरी मोठी आई निघून चाललेली. फ्लेक्सवाल्या पोरानं गॉगल काढून डोळे काढले, मोठी आईला पुसलं आणि आपल्या मनानं कोट-टाय चढवला. चौकात फ्लेक्स लागला तेव्हा रोज त्यांच्यासोबत पान खाणारे म्हातारे त्याखाली उभे राहून एकमेकांना विचारत होते, "कोन वकीलसाहेब गेले बाप्पा?"

तेरवी करावी की नाही यावरही सभा झाली. गाडगेबाबांनी जन्मभर कीर्तनातून सांगितलं की कर्ज काढून सण-कार्यं करू नका. स्वतःचं तर स्मारकसुद्धा उभारू नका, असं ते सांगून गेले. आपण त्यांच्या तालुक्यातले, आपण तरी पाळलं पाहिजे, यावर सगळ्यांच्या माना हलल्या. त्यानंतर दीड तास रोडगे करायचे की पोळ्या, आणि वांग्याच्या भाजीला रस्सा किती ठेवायचा, यावर चर्चा झाली. रोडगे ठरले. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर भाजायचे, म्हणजे पंचेचाळीस अंशांच्या उन्हात आणखी एक विस्तव. मोठेबाबांना हे नक्की आवडलं असतं.

मांडवात भाषणं झाली. एक स्थानिक पुढारी घाईनं आले आणि 'त्यांच्या जाण्यानं शिक्षणक्षेत्राची कधीही भरून न निघणारी हानी' झाल्याचं सांगून पुढच्या तेरवीला गेले. बहुधा तिथे कापूस व्यापाराची झाली असावी. मग मला उभं केलं. मी शांत, धार्मिक, शिस्तप्रिय असं म्हणायला लागलो आणि मांडवाच्या मागच्या बाजूला गलका झाला.

डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला एक माणूस उभा होता. दर्यापूरकडचा. त्याच्या हातात कासरा, आणि कासऱ्याच्या दुसऱ्या टोकाला तांबूस रंगाची एक घोडी मांडवाच्या खांबाला बांधलेली केळीची पानं खात होती.

"हिशेबनीस साहेबाचं घर हेच ना?" तो म्हणाला. "संकरातीच्या टायमाले येऊन इसार देऊन गेले होते. म्हने, उन्हाळ्यात घेऊन ये, घरी आताच सांगत नाई. उरले पैसे देता काय?"

चौऱ्याऐंशीव्या वर्षी घोडी. मांडवात क्षणभर कोणी बोललं नाही. मग एकदम सगळेच बोलायला लागले. जावयांचं म्हणणं, सौदा माणसाबरोबर संपतो. वडील म्हणाले, इसार बुडाला तरी चालेल पण ही परत पाठवा. आत्या मोडका हात वर करून म्हणाली, "मले बसून पाहू द्या एकखेप." धाकट्या चुलतभावानं तोवर जाहीर केलं की इसार देताना तो सोबतच होता. वहिनीच्या माहेरच्यांनी गोठ्यात जागा किती ते मोजायला घेतलं. मी हातात कागद घेऊन तसाच उभा. माझ्या 'शिस्तप्रिय'कडे आता कोणाचंच लक्ष नव्हतं.

गलका ऐकून मोठी आई पदर सावरत बाहेर आली. लोकांनी वाट दिली. तिनं घोडीभोवती एक चक्कर मारली. मानेवर हात ठेवला. ओठ वर करून दात पाहिले, अगदी सराईतासारखे.

"किती द्याचे रायले?"

त्यानं आकडा सांगितला.

"जास्त सांगून रायला तू. ह्याईले फसवलं, मले नाई फसवता येत." घासाघीस झाली. भर तेरवीत, पाहुण्यांच्या पंगतीसमोर, दोन हजारांवरून चांगला पाव तास. शेवटी तिनं कमरेची पिशवी सोडली, नोटा मोजून दिल्या आणि कासरा माझ्या हातात ठेवला.

"बापू, हिले पानी पाज. नळाचं पाज बरं. विहिरीचं नोको."